कलम आणि खुंट: ‘ख्रिस्ताच्या ठायी’ म्हणजे काय?

कडावच्या एका ताईंनी विचारलंय, “प्रार्थनेत आताशा काहीच जाणवत नाही. मी ख्रिस्तापासून तुटले का?”

पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्ताच्या ठायी’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. योहान १५ मध्ये येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, शिष्यांना फाटे. आता कर्जतकडे द्राक्षं कुठली? आपण आंबा घेऊ. रायवळ खुंटावर हापूसची काडी बांधली की पंधरा-वीस दिवस ती नुसती काडीच दिसते. जोड आतून भरत असतो. बघायला म्हणून पट्टी सोडली, की गेलं कलम! ताई, मला वाटतं तुम्ही सारखी पट्टी सोडून बघताय.

एक फरक आहे हं. आपण चांगली काडी रानटी खुंटावर बांधतो. रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात पौल उलटं सांगतो: रानटी फांदी, चांगलं झाड. (तिथे विषय यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांचा आहे, पण चित्र इथेही चालतं.) म्हणजे काडीच्या लायकीचा प्रश्नच आला नाही.

मग हे सायुज्य का? नाही. सायुज्यात भक्त देवात विरतो. इथे काडी काडीच राहते, रस मात्र खुंटाकडून येतो. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पूल ओलांडल्यावरही त्यांनी अभंगच लिहिले, ख्रिस्ताचे.

पुढच्या भागात प्रभुभोजनाबद्दल बोलू.