सुरू होते, पण चालत नाहीं!

घरांतील एखादें यंत्र मुळींच चालेनासें झालें, तर मनुष्यास फारसा घोर पडत नाहीं. तें दुरुस्तीस पाठवावें व मोकळें व्हावें. खरा घोर लागतो तो चालल्यासारखें करून ऐन वेळीं दगा देणाऱ्या यंत्राचा. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या मोटारसायकलीनें आम्हां सर्वांस असाच घोर लावला होता.

वसईच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी नांवाची वसाहत आहे, तेथें आमचें एकत्र कुटुंब राहतें. थोरले बंधु चार वर्षांपूर्वीं निवर्तले. त्यांची मोटारसायकल आतां पुतण्या वापरतो. वसई फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग, ही त्याच्या नोकरीची रोजची वाट. जुलै महिन्यांत ती गाडी वाटेंत बंद पडूं लागली. दारांतून निघतांना ती पहिल्याच खटक्यासरशी सुरू होई. पण दहा-बारा मिनिटें गेलीं कीं आचके देई आणि थांबे. थोडा वेळ उभें राहिलें कीं पुनः सुरू! एका संध्याकाळीं ती ऐन महामार्गावर, मागून अवजड ट्रकांची रांग येत असतांना बंद पडली. पुतण्यानें ती कशीबशी कडेला ढकलली व घरीं येऊन ही हकीकत हंसत हंसत सांगितली. वहिनींना मात्र हंसूं आलें नाहीं. हातांतलें ताट खालीं ठेवून त्या म्हणाल्या, “भाऊजी, ही गाडी विकून टाका. त्यांची आठवण म्हणून ठेवायची तर दारांत ठेवा, रस्त्यावर नको.”

गॅरेजमध्यें प्लग बदलून झाला, कॉइल बदलून झाली. गंमत अशी कीं, तेथें गाडी तासभर उभी चालविली तरी बंद पडत नसे. शेवटीं ‘इंजिन खोलावें लागेल’ असा निकाल मिळाला, आणि खर्चाचा आंकडा ऐकून विक्रीचा पक्ष घरांत प्रबळ झाला. मीं वहिनींकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

‘सुरू होते, पण चालत नाहीं’ या तक्रारीचें मर्म काय तें आधीं पाहूं. इंजिनास तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. गाडी नुसती उभी चालू असली तरी इंजिनाचे मिनिटास सुमारें १४०० फेरे होतात, आणि चार धावांच्या इंजिनांत दर दोन फेऱ्यांस एक याप्रमाणें ७०० वेळां आंत भडका उडावा लागतो. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा, हें प्रमाण साधारणपणें राखलें जावें लागतें. हें काम जुन्या गाड्यांत कार्बोरेटर करतो. त्याच्या तळाशीं एक लहानशी वाटी असते. टाकींतून आलेलें पेट्रोल तींत सांठतें, आणि एक तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो. १८९३ च्या सुमारास जर्मनींतील विल्हेल्म मायबाख यानें या रचनेस चांगलें रूप दिलें.

या वाटींतच आपल्या कोड्याची किल्ली आहे. महिन्याची मिळकत थांबली तरी कोठींतील धान्यावर घर कांहीं दिवस चालतें. तसेंच टाकींतून पेट्रोल येणें थांबलें तरी वाटींतील शिलकीवर इंजिन कांहीं मिनिटें चालतें. म्हणजे गाडी सुरू झाली एवढ्यावरून आंत शिल्लक होती इतकेंच सिद्ध होतें. मिळकत चालू आहे हें सिद्ध होत नाहीं. म्हणून ‘बंद कां पडते?’ असें विचारण्याआधीं ‘केव्हां बंद पडते?’ असें विचारावें. पुष्कळदां त्या वेळेंतच कारण सांपडतें.

चोक ओढलेला असेपर्यंत चालते व तो सोडतांच बंद पडते, किंवा रेस दिल्यावर चालते पण हात सोडतांच विझते, तर कार्बोरेटरचें बारीक जेट कचऱ्यानें तुंबलें असावें, किंवा कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड फाटून जास्त हवा आंत शिरत असावी. धूर काळा येतो व प्लगवर काजळी धरते, तर हवा कमी पडत आहे. एअर फिल्टर पाहावा, चोक अडकून राहिला आहे काय तेंहि पाहावें. गिअर टाकतांक्षणींच बंद पडते, तर पुष्कळ गाड्यांत साइड स्टँड वर न घेतल्याचा तो परिणाम असतो. इंजिन तापल्यावर बंद पडते, निवल्यावरच सुरू होते आणि पेट्रोल तर व्यवस्थित येतें, तेव्हां कॉइल संशयास पात्र ठरते. आणि कांहीं मिनिटें चालून बंद पडते, थोडें थांबल्यावर पुनः तितकीच चालते, तर टाकीपासून वाटीपर्यंतची वाट तपासावी.

पुतण्यानें व मीं एक वही घातली. किती मिनिटांनीं बंद पडली, किती वेळानें सुरू झाली, पाऊस होता कीं नव्हता, सर्व टिपलें. आठवड्याअखेर वही पाहतों तों गाडी बंद पडली ती केवळ पावसाच्या दिवशीं! ‘काका, पाणी ठिणगीत शिरतें,’ असें पुतण्याचें मत पडलें. परंतु तसें असतें, तर बंद पडण्याची वेळ इतकी नेमकी नसती.

पुढच्या पावसांत मी त्याच्यामागें बसून निघालों. अकराव्या मिनिटास गाडीनें आचके दिले. ती कडेला घेऊन आम्हीं टाकीचें टोपण उघडलें. तोंच आंत हवा शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज झाला. टोपण लावून किक मारतांच गाडी निर्वेध चालली. त्या टोपणास एक बारीक छिद्र असतें. पेट्रोल जसजसें खालीं जातें, तसतशी त्या छिद्रावाटे हवा आंत येते. तें बुजलें कीं टाकींत पोकळी होऊन पेट्रोल उतरेनासें होतें.

छिद्र बुजत होतें कशानें? टाकीवरच्या रेक्झिनच्या आच्छादनानें. त्याची ओली झडप टोपणावर घट्ट चिकटून बसे. उन्हांत ती सैल असे. आणि गॅरेजमध्यें आच्छादन काढूनच तपासणी होत असल्यामुळें तेथें दोष दिसतच नसे! बंधूंच्या गाडीस पाणी लागूं नये म्हणून तें आच्छादन वहिनींनींच घरीं शिवलें होतें.

“आईला सांगूं नका,” पुतण्या वाटेंत म्हणाला. मला तें पटलें नाहीं. न सांगावें तर गाडीविषयींची त्यांची भीति तशीच राहणार. मीं सर्व सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं शिवणयंत्राचा आवाज ऐकूं आला. सकाळीं झडपेस मधोमध गोल भोंक पाडून कडेनें नीट टीप घातलेली होती.

आमच्यासारख्या सखल वस्तींत आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जुलै २०१८ मध्यें वसईचा परिसर जलमय होऊन लोकलगाड्याहि थांबल्या होत्या. अशा वेळीं इंजिन पाण्यांत बुडालें असल्यास तें सुरू करण्याचा मोह आवरावा. ऑईल दुधट दिसल्यास पाणी आंत गेलेंच म्हणून समजावें. दुसरें, हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें पाणी शोषून घेतें. इंजिन थंड असतां, मोकळ्या जागीं व विस्तवापासून दूर, वाटींतील पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून पाहावें. तळाशीं निराळा थर दिसला तर टाकी साफ करवावी. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांनंतर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागीं विजेवर चालणारी पेट्रोल-फवारणी आली आहे. तेथें किल्ली फिरवितांच पंपाचा बारीक आवाज येतो कीं नाहीं व इंजिनाचा दिवा जळत राहतो काय, एवढें पाहावें आणि बाकीचें काम जाणत्यावर सोंपवावें.

मेकॅनिकाकडे जातांना नुसती तक्रार नेऊं नये. वहींतील टिपण न्यावें. आमची वही अजून शिवणयंत्राच्या खणांत आहे. तिच्यांत आतां वहिनींच्या अक्षरांत एक नोंद रोज होते: पुतण्या घरीं पोंचल्याची वेळ.