हॉर्नबी रोड : कमानींखालचा काळोख

मुंबईच्या हॉर्नबी रोडचा जुना फोटो हाती आला की मी आधी आभाळाकडे बघतो. वर विजेच्या तारा दिसल्या तर फोटो १९०७ नंतरचा, कारण त्या वर्षी शहरात विजेची ट्राम सुरू झाली. तारा नाहीत आणि रुळांवर घोड्यांची ट्राम आहे, तर त्याआधीचा. पण १८७४च्या मागचा नव्हे, कारण घोड्यांची ट्राम त्याच वर्षी सुरू झाली. बोरीबंदरच्या टोकाला महापालिकेचा मनोरा उभा असला, की १८९३ ओलांडलेलं असतं.

हा रस्ता आजचा दादाभाई नौरोजी रोड. १८६०च्या दशकात कोटाची तटबंदी पाडली गेली आणि रस्त्याला ऐसपैस रुंदी मिळाली. पुढे १८९६मध्ये नियम झाला : इथल्या प्रत्येक नव्या इमारतीला तळमजल्यावर कमानींची वाट हवी. वरचे मजले कुणी कसेही सजवावेत, खाली मात्र चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागता कामा नये. या शहराला इतकं समजून केलेले नियम मला फार थोडे माहीत आहेत.

फोटोग्राफरची मात्र त्यामुळे पंचाईत झाली. उन्हात झळाळणाऱ्या दगडी दर्शनी भिंतींचा प्रकाश धरून कॅमेऱ्यातली काच उजळवली, की कमानींखाली नुसता काळा पट्टा उरे. दुकानांच्या तावदानांमागच्या टोप्या, बूट, कापडं, ज्यांच्यासाठी लोक इथे येत, ती सगळी त्या पट्ट्यात बुडालेली. व्हाइटअवे लेडलॉसारख्या बड्या दुकानाची पाटी वाचता येते, आतला माल नाही. याच दुकानाच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. विलायती कापडाच्या जागी हातसुताचं. तो बदल दाखवणारे, एकाच कोनातून टिपलेले दोन फोटो शेजारी ठेवून पाहावेत, असं मला फार वाटतं.

पोस्टकार्डांवर हेच फोटो रंगवून छापले जात. रंगवणाऱ्याने मुंबई पाहिलेली असेलच असं नाही. म्हणून आभाळाच्या निळ्यावर किंवा पागोट्याच्या लालावर मी विसंबत नाही. काळ्या-पांढऱ्या प्रतीवर जास्त विसंबतो. तिच्यात उभी घोडागाडी रेखीव येते, घोड्याने हलवलेली मान पुसट होते. भरभर चालणारा माणूस तर धुरासारखा विरतो. कमानीच्या कडेला, अर्धा उन्हात अर्धा सावलीत थांबलेला एखादा पाटीवाला तेवढा स्पष्ट उमटतो, डोक्यावरच्या ओझ्यासकट.