बसऱ्याला गेलेला माणूस

कोकणात, साताऱ्याकडे कितीतरी घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: "आमचे खापरपणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले, ते परत आलेच नाहीत." फोटो नाही, पत्र नाही. खापरपणतू संगणकावर इंग्रजीत 'जाधव' टाइप करून शोधतो आणि हात हलवत उठतो. माणूस तिथेच असतो, 'जाधाओ' होऊन बसलेला.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरल्या. 103, 110 आणि 117 या तीन पलटणी कूत अल अमाराच्या वेढ्यात सापडल्या. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या उपाशी फौजेने शस्त्रं खाली ठेवली. बसऱ्याचं स्मारक या मोहिमेतल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. पण त्याच्या भिंतींवर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीखाली नुसते आकडे! हे वाचून आजही पोटात कालवतं. गावातल्या जुन्या संगमरवरी पाटीवरही बहुधा किती गेले, किती कामी आले, एवढंच. नाव उरलं ते इंग्रजी नोंदवहीत, कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं.

आणि तिथेच खरी नवलाई आहे. रोमन लिपीत ळ नाही, ण नाही. ट आणि त दोघांना एकच टी. काळे आणि काले तिथे एकच होतात, पवारांचे पोवार होतात. सगळ्यांत निसटता तो व. 'जाधव' म्हणताना शेवटी ओठ जेमतेम जवळ येतात, ऐकणाऱ्याला तो ओ वाटतो. विदर्भातले अनेक जाधव इंग्रजीत आजही शेवटी ए-ओ लिहितात. मला तर असं स्पेलिंग म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या बोलण्याची ध्वनिमुद्रिकाच वाटते. पलटणीचं नावही त्या काळच्या कागदपत्रांत 'माहराट्टा' आहे. त्या मधल्या एचमध्ये जुन्या 'मऱ्हाटा'ची चाहूल लागते. शोधताना तो एच विसरू नका.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही मिळतो. तिथला 'कुलाबा' मुंबईतला नाही, आजचा रायगड. 'रत्नागिरी'त आजचा सिंधुदुर्गही आला. 'खेड' दिसलं तर थांबा: एक रत्नागिरीत, एक पुण्यात. आडनाव थोडं हललं तरी चालेल. बाप, गाव आणि तालुका तिन्ही जुळले, तर तो योगायोग क्वचितच.

जवळपासची दहा-वीस नावं उतरवून घ्या आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे बसा. कागद दाखवू नका, मोठ्याने वाचा, चुकलेल्या स्पेलिंगसकट. एखाद्या नावाशी आजी तुम्हाला थांबवील, "परत वाच रे," म्हणेल, आणि मग विचारील, "हे आपल्या खालच्या वाडीतले तर नव्हेत?"