डायनासोरच्या विष्ठेत भाताचे भाईबंद

आजऱ्याच्या शिवारात घनसाळ भाताची कापणी करताना पात्याने हाताला चरे पडतात. पात्याला हा खरखरीतपणा येतो सिलिकामुळे. गवताच्या कुळातील वनस्पती मुळांवाटे सिलिका शोषून घेतात आणि पेशींत तिचे सूक्ष्म कण साठवतात. पान कुजले, कोणी खाऊन पचवले, तरी हे कण टिकतात; कोट्यवधी वर्षेसुद्धा.

याच कणांनी मुलांच्या डायनासोरच्या पुस्तकांतले एक जुने वाक्य खोडून काढले. डायनासोरांच्या काळी गवत नव्हतेच, असे सांगितले जाई. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. हे संशोधन २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये त्याच काळातील भारतीय अवशेषांत भाताच्या गटातले गवतही ओळखले गेले. म्हणजे विदर्भातले ते लांब मानेचे अजस्र प्राणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भाताच्या भाईबंदांवर चरत असावेत!

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांच्या हाती मात्र बहुधा अमेरिकेतला टी-रेक्सच पडतो. लांबलचक नावांना पालक बिचकतात, मुले नाही. देवनागरीत ‘टायरॅनोसॉरस’ अक्षर लावत वाचता येतो. ‘सॉरस’ म्हणजे ग्रीक भाषेत सरडा, हे एकदा कळले की ‘राजासॉरस’ आपोआप उलगडतो. गुजरातेत सापडलेल्या या मांसाहारी डायनासोरचे नामकरण २००३ मध्ये झाले.

पुस्तक घेताना आधी चित्रे चाळावीत. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स झुंजताना दिसले, तर पुस्तक खाली ठेवावे. दोघांत सुमारे आठ कोटी वर्षांचे अंतर आहे. उडणाऱ्या टेरोसॉरला डायनासोर म्हटले असेल, तरीही तेच. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, एवढे एक वाक्य असले तरी पुस्तक घेण्याजोगे.

मग ‘आपल्याकडे हाडे का सापडत नाहीत?’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर पायाखाली आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे डायनासोर युगाच्या अखेरीस थिजलेला लाव्हा. हाडे मिळतात ती मुख्यतः त्याखालच्या गाळाच्या थरांत. पिसदुऱ्याला ते थर उघडे पडले आहेत. आजऱ्याकडे वर दिसतो तो कातळ आणि जांभा.