हात साबणाकडे कसा वळेल?

जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत, हे आता खेड्यापाड्यांतील बहुतेकांस ठाऊक आहे. शेणामातीत राबणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी तर त्याची गरज विशेषच. परंतु ठाऊक असणे निराळे आणि वेळेवर हात धुतले जाणे निराळे. विचारले असता कोणीही ‘धुतो’ असेच सांगतो. म्हणून खरी स्थिती प्रत्यक्ष पाहूनच कळते.

आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात २०११-१२ साली १४ गावांत ती अशी पाहण्यात आली. हात धुणे अगत्याचे अशा शंभर प्रसंगांपैकी जेमतेम एकदोन प्रसंगी साबण वापरला जात होता. नंतर ७ गावांत प्रचार करण्यात आला. ७ गावे तुलनेसाठी ठेवली. या प्रचारात रोगराईचे नावही काढले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलाला चांगले वळण लावणारी ‘सुपर अम्मा’ चित्रफितीतून दाखविली. घाणेरड्या सवयींच्या एका लाडूवाल्याची नाटुकली करून किळस निर्माण केली. स्त्रियांनी गावासमक्ष हात धुण्याची प्रतिज्ञा घेतली. सहा महिन्यांनी त्या गावांत हे प्रमाण शेकडा ३७ झाले. उरलेल्या गावांत ते ६ होते.

असे का व्हावे? आज हात न धुता जेवलेला मनुष्य उद्याही बहुधा धडधाकटच असतो. त्यामुळे रोगाचे भय त्याच्या मनात टिकत नाही. किळस मात्र तत्क्षणी येते, आईची माया रोजचीच असते, आणि चार शेजारणी जे करतात ते न करणे अवघड जाते. शेजाऱ्याच्या शेतातील पीक पाहिल्यावाचून नवे बियाणे घेण्यास शेतकरी सहसा धजत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मात्र किळस हे दुधारी शस्त्र आहे. ती मळलेल्या हाताची असावी. कोणा माणसाची, वस्तीची वा जातीची कदापि नसावी. असा प्रचार गावात फूट पाडील, आणि त्यापेक्षा तो न केलेला बरा.

चित्तूरमध्ये पुढे उरलेल्या गावांतही थोडक्यात तोच प्रचार झाला. वर्षअखेर दोन्हीकडे प्रमाण शेकडा २९ भरले, म्हणजे दहांपैकी सात वेळा हात साबणाविनाच राहिले. साबण फडताळात ठेवलेला असेल, तर चिखलाने भरलेल्या हातांनी तो शोधणार कोण? गृहभेटीच्या वेळी ग्रामकार्यकर्त्याने प्रथम मोरीपाशी साबण व पाण्याचा तांब्या आहे की नाही ते पाहावे, बोलणे त्यानंतर.