दुखण्याची गोळी रोज घेताय? शौचाच्या रंगाकडे लक्ष द्या

गुडघे दुखले, कंबर धरली, दाढ ठणकली की आपण मेडिकलवर जातो आणि ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणतो. अनेकदा हातात पडते ती डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. क्वचित घेतली तर बहुतेकांना त्रास होत नाही. पण घरातल्या अम्मी-अब्बांची ही गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

असं का होतं? शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य सूज आणि वेदना वाढवतं. पण तेच जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतं. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. म्हणजे दुखणं थांबतं, पण पोटाचं कवचही जातं. औषध रक्तातून काम करतं, त्यामुळे ‘जेवून घेतली’ किंवा ‘गोळी नको, इंजेक्शन घेतलं’ म्हणून धोका टळत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. अल्सर झाला तरी पोट दुखेलच असं नाही, विशेषतः वयस्करांचं. म्हणून ही लक्षणं ओळखा:

– डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच
– उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण
– चक्कर, घाम, छातीत धडधड
– हळूहळू वाढणारा थकवा, फिकेपणा, जिना चढताना दम

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना विचारा. काळी, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी दिसली तर अ‍ॅसिडिटीचं औषध देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा.

साठी ओलांडलेले, पूर्वी अल्सर झालेले, रक्त पातळ करणारी औषधं किंवा स्टेरॉइड घेणारे यांना धोका जास्त. दोन वेदनाशामकं एकत्र घेऊ नका. साध्या दुखण्याला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पोटासाठी सुरक्षित असतं. लांबचा इलाज असेल तर पोटाच्या संरक्षणाची गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि हृदयासाठी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र हे वाचून स्वतःच बंद करू नका.