लाल टेकडीची गोष्ट

मुलांनो, सिंगापूर शहरात 'रेडहिल' नावाचे रेल्वे स्थानक आहे. रेडहिल म्हणजे लाल टेकडी. मलय भाषेत तिला 'बुकित मेराह' म्हणतात. या नावामागे एक जुनी गोष्ट आहे. तिचा बराचसा भाग 'सेजाराह मेलायू' या ग्रंथात आहे. मलय राजांच्या हकिकती सांगणारा हा ग्रंथ इ. स. १६१२ च्या सुमारास रचला गेला.

एकदा सिंगापूरच्या किनाऱ्यावर माशांच्या झुंडी चालून आल्या. त्यांचे तोंड भाल्यासारखे लांब आणि टोकदार होते. पाण्यातून उसळी मारून ते माणसांना भोसकू लागले. राजा हत्तीवर बसून आला. त्याने हुकूम सोडला, "किनाऱ्यावर पायांची भिंत करा!" माणसे रांगेत उभी राहिली आणि एकामागून एक मरून पडली. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "महाराज, पायांची भिंत कशाला? केळीच्या खांबांची करू या."

पूजेच्या चौरंगाला बांधलेले केळीचे खांब तुम्ही पाहिले असतील. ते किती मऊ असतात! माशांची तोंडे त्यांत रुतून बसली आणि लोकांनी मासे मारले. गावात आनंदीआनंद झाला. पण दरबारी राजाच्या कानाशी लागले, "हा आत्ताच एवढा हुशार, मोठेपणी काय करील?" राजाने मुलाला ठार करवले. त्याच्या रक्ताने टेकडी लाल झाली, असे लोक सांगतात.

आता गंमत पाहा. वरच्या गोष्टीत 'राजा दुष्ट होता' असे वाक्य शोधा. सापडणार नाही. तरीही राजा कसा होता, हे तुम्हांला कळले ना? तो स्वतः उंच हत्तीवर, आणि भिंत मात्र दुसऱ्यांच्या पायांची! पात्राचा स्वभाव असा त्याच्या कृतीतून ओळखायचा असतो. दरबाऱ्यांचेही तसेच. संकट असताना त्यांना एकही युक्ती सुचली नाही. ते टळल्यावर मात्र त्यांना बोलायला सुचले.

पंचतंत्रातला कोल्हा हा नुसता कोल्हा नसतो. या गोष्टीतही तसेच आहे. मासे म्हणजे अचानक आलेले संकट. पायांची भिंत म्हणजे विचार न करता वापरलेले बळ, तर केळीचा खांब म्हणजे युक्ती. अशा गोष्टीला रूपककथा म्हणतात. मात्र गोष्टीतल्या प्रत्येक वस्तूला वेगळा अर्थ असतोच असे नाही. ओढूनताणून अर्थ लावू नये.

त्या मुलाच्या रक्ताचा दोष देशाला लागला, असे ग्रंथकार म्हणतो. त्याच ग्रंथात पुढच्या राजाच्या कारकिर्दीत मजापहितच्या सैन्याने सिंगापूर जिंकल्याचे सांगितले आहे.

उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात मातीतल्या लोहामुळे तिला तांबडा रंग येतो. आपल्या कोकणातली मातीही अशीच लाल आहे. मग सिंगापूरच्या लोकांना त्या टेकडीच्या मातीत एका मुलाचे रक्त का दिसले असेल? वर्गात चर्चा करा.